अकरावं मिनिट

उजवा कान अकराव्या मिनिटाला जायचा. मोबाईलवर वेळ लावून बघितली. कधी दहा मिनिटं चाळीस सेकंद, कधी अकरा मिनिटं वीस सेकंद, पण बारावं मिनिट त्यानं कधी पाहिलं नाही. आधी गादीवर बुक्की मारल्यासारखा एक 'धप्', मग उजवीकडं सामसूम. डावीकडं तबला-पेटी खुशाल चालू.

कान माझा नव्हे, अ‍ॅम्प्लिफायरचा. गेल्या उन्हाळ्यात मी घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर जोडला. किट बाहेरून मागवलं होतं. चॅसीचा पत्रा, ट्रान्सफॉर्मर, दोन व्हॉल्व्ह, त्यांचे बेस, छोट्या पिशव्यांतून मोजून दिलेले रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, आणि एक जाडजूड पुस्तक. कस्टमची ड्यूटी भरली त्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "हे तयार मिळत नाही का हो?" मिळतं. ह्याच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीत, काडेपेटीएवढं, आणि मापं घेतली तर ह्याच्यापेक्षा स्वच्छ आवाजाचं मिळतं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, इथं लिहून ठेवतो.

निमित्त अप्पांचं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बत्तीस वर्षं गिरणीच्या मागखात्यात, गिरणी बंद पडल्यावर आणखी बारा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात दुसऱ्याच्या यंत्रमागावर. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता. बऱ्यापैकी सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान आधी तिथंच खचतो. त्यामुळं अप्पांना बोललेलं ऐकू येतं पण उमगत नाही. 'सात' आणि 'हात' त्यांना एकच. मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात चष्म्याच्या जुन्या डबीत असतं. टीव्ही मात्र गल्लीला ऐकू जाईल असा. तेव्हा म्हटलं, रेडिओवरची जुनी गाणी तरी त्यांना हेडफोनवर, बेतशीर आवाजात, नीट ऐकवावीत. आवाज नुसता वाढवून भागत नाही, उरलेला कानही जातो, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे मला काचेत पेटलेला तो लाल दिवा परत बघायचा होता.

लहानपणी आमच्याकडं व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. अर्धा मिनिट गप्प, मग आतून आवाज वर यायचा. तो बिघडला की मधल्या मारुतीजवळच्या एका बोळात दुरुस्तीला न्यायचा, आणि सोबत मी. दुरुस्तीवाले काका एका हातानं काम करायचे, दुसरा हात पॅन्टच्या खिशात. मला वाटायचं हात अधू आहे. एकदा विचारलं तर म्हणाले, "दोन्ही हात घातले तर करंट छातीतून जातो रे. एक हात खिशात असला की बोट भाजतं, जीव राहतो." त्यांच्या लाकडी फळीवर एक बल्ब होता, सिरीज बोर्डाचा. दुरुस्त केलेला सेट थेट विजेला कधी लावायचे नाहीत, मध्ये तो बल्ब. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट. रेडिओ जळायच्या ऐवजी बल्ब पेटतो, इतकी साधी युक्ती. आजही मी नव्या वस्तूला तोच मान देतो. ह्या वेळी अडचण एवढीच की शंभर वॅटचा पिवळा बल्ब सहज मिळत नाही. नव्या पेठेत चार दुकानांत एलईडीच दाखवले, पाचव्यानं माळ्यावरून एक काढून दिला आणि पैसे घ्यायला विसरला.

काकांकडं खोक्यांची एक भिंतच होती. त्यावर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव असलेली खोकी पुष्कळ, कारण तेव्हा आपल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह इथंच बनायचे. खोक्यावरचे आकडे म्हणजे मला मंत्र वाटायचे. ईसीएच ८१, ईएल ८४, ईझेड ८०. त्यात मंत्र काही नव्हता, कुंडली होती. 'ई' म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एल' म्हणजे आवाजाला जोर देणारा शेवटचा पेंटोड, 'झेड' म्हणजे एसीचं डीसी करणारा. पुढचा आठ म्हणजे नऊ पायांचा छोटा बेस. माझ्या किटातला एक व्हॉल्व्ह ईसीसी ८२. दोनदा 'सी', म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, एक डाव्या कानाचा, एक उजव्या. दुसरा ६०८०. हा मुळात गाण्यासाठी बनवलेलाच नाही, वीजपुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर राखायच्या कामासाठी बनवला होता. नुसत्या हीटरला अडीच अँपिअर पितो आणि असा तापतो की त्याच्यापाशी हात नेववत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात, पंखा बंद करून, असली वस्तू पेटवून समोर बसायचं. बायकोच्या शांतपणाचं मला आता कौतुक वाटतं.

व्हॉल्व्हचं काम सांगायला सोपं आहे. हीटर कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, समोर अ‍ॅनोडवर मोठं धन व्होल्टेज असतं, ते त्यांना ओढून घेतं. फ्लेमिंगनं १९०४ साली एवढ्यावर डायोड केला. दोन वर्षांनी डी फॉरेस्टनं मध्ये एक जाळी घातली, तो ट्रायोड. जाळीवर बारीकसा आवाज द्या, इलेक्ट्रॉनांचा लोंढा त्या हिशेबानं कमीजास्त होतो. बाकी सगळं ह्या जाळीच्या जिवावर.

तर सिरीजचा बल्ब भक्कन पेटला, तांबूस झाला, मी खूश. बल्ब काढून थेट वीज दिली, हेडफोन लावला. गाणं आलं आणि गाण्याखाली घरघर आली. दोन्ही कानांत, सारखी, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखी. आणि अकराव्या मिनिटाला 'धप्'.

इथं माझी पहिली चूक झाली. मी ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं समजलो. ताप आणि पोटदुखी दोन्ही असली की वैद्य एकच कारण शोधतो, तसं. त्यात दोन आठवडे गेले.

घरघरीचा आरोपी तयारच होता. आमच्या भिंतीला लागून मामांचे चार यंत्रमाग. मामा सख्खे नव्हेत, पण दोन पिढ्यांची भिंत एक असली की मामाच. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, देवाशी बहुतेक दोन्ही. माग सुरू झाला की आमचे दिवे एकदा डोळा मारतात. तेव्हा ही घरघर त्यांच्याच मोटारींची, विजेच्या तारेतून येणारी, ह्यात मला शंका नव्हती. चार दिवस मनातल्या मनात भांडलो. पाचव्या दिवशी जाऊन म्हटलं, मामा, दहा मिनिटं माग बंद ठेवता का, एक तपासायचंय. म्हणाले, "दहा मिनिटं कशाला, चहा होईपर्यंत बंद ठेवतो की." चारही माग थांबले. इतकी शांतता त्या गल्लीत मी फक्त सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला माणसं तिकडं गेल्यावर ऐकलीय. धावत घरी आलो, हेडफोन लावला. घरघर जशीच्या तशी. उलट माग थांबल्यामुळं आणखी स्वच्छ ऐकू आली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "सापडलं का?" काय सांगणार?

अप्पा ह्या सगळ्यात खुर्ची ओढून शेजारी बसायला लागले होते. आधी म्हणायचे, "काय करायलास रे दिवसभर?" मग विचारायचं बंद केलं. एकदा हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्यांना घरघर लख्ख ऐकू आली. खालचे सूर त्यांचे शाबूत आहेत, गेलेत ते वरचे. मला जी बारीक शिट्टीसारखी 'स्स' ऐकू यायची ती त्यांच्या गावीही नव्हती. आम्ही दोघं मिळून एक धड कान होतो.

अकराव्या मिनिटाचा शोध घ्यायचा म्हणजे अकरा मिनिटं बसावं लागतं. ह्याला दुसरा उपाय नाही. थंड असताना सगळं ठणठणीत असतं, तापल्यावर बिघडतं, आणि एकदा बिघडलं की परत थंड व्हायला वीस-पंचवीस मिनिटं. एका संध्याकाळी जेमतेम तीन-चार वेळा बघता येतं. पहिल्या वेळी मी मोबाईल बघत बसलो. दुसऱ्या वेळी अप्पांनी बोलायला सुरुवात केली.

मागखात्यात आवाज इतका असायचा की कुणी कुणाशी बोलत नसे, ओठ वाचायचे आणि हातानं खुणा करायच्या. तपकीर मागायची खूण वेगळी, मुकादम येतोय ही खूण वेगळी. त्या खुणा अप्पांनी करून दाखवल्या. 'बायको माहेरी गेलीय' अशीही एक खूण होती. अजून हात बरोबर फिरतो त्यांचा. 'धप्.' गेला उजवा कान.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा. पहाटे तो वाजायच्या आधी आजी उठायची, भोंग्यानं नव्हे, भोंगा वाजणार ह्या भीतीनं. 'धप्.'

तपासणी आपली चालूच होती. हेडफोनची डावी-उजवी बाजू उलट लावली, तरी बंद पडणारी बाजू अ‍ॅम्प्लिफायरची उजवीच. येणाऱ्या वायरी आपसांत बदलल्या, तरी उजवीच. म्हणजे रोग आत आणि उजव्या घरात. ईसीसी ८२ बदलून बघितला. काकांचं दुकान कधीच मोबाईलच्या कव्हरांचं झालंय, पण त्यांच्या मुलानं एक खोकं जपलं होतं. त्यातला एक व्हॉल्व्ह काचेवरचं नाव पुसून गेलेला, कारण त्यावरची छपाई नुसत्या बोटानं जाते. तो लावला. बारावं मिनिट तरीही नाही.

मग मीटर घेतलं. किटाच्या पुस्तकात कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत ते दिलेलं असतं. ईसीसी ८२ च्या उजव्या अर्ध्याचे पाय ६, ७ आणि ८. सहावा अ‍ॅनोड, सातवा जाळी, आठवा कॅथोड. अ‍ॅनोडवर ८० च्या आसपास हवेत, कॅथोडवर १.९. एक हात खिशात, चॅसी उलटी, आणि बिघाड झाल्यावर सहाव्या पायावर मीटर टेकवलं. ८० च्या जागी दीडशेच्या वर. म्हणजे व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहणंच थांबलंय, वरचं व्होल्टेज अडवायला कुणी नाही. मग आठव्या पायावर टेकवलं, आणि 'धप्', उजवा कान परत गायला लागला! मीटरवर १.९. अगदी बरोबर. डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरावा तसं.

सूज्ञ वाचकाला इथं कळलं असेल. मला कळलं नाही. मी समजलो, दाबल्यामुळं बेस हलला आणि व्हॉल्व्हचा पाय आतल्या पत्तीला नीट लागला. म्हणून बेसच्या पत्त्या सुईनं आवळल्या, व्हॉल्व्हचे पाय खोडरबरानं घासले. आठव्या पायाच्या सोल्डरकडं मी वळलोच नाही, कारण ते माझं सगळ्यात देखणं सोल्डर होतं. गोल, चकचकीत, मोत्यासारखं. त्याचा फोटो काढून मी पुण्याच्या मावसभावाला पाठवला होता.

मधल्या मध्ये घरघरीचा निकाल लागला, तो सांगून टाकतो. एकदा माझं मनगट चॅसीला लागलं आणि घरघर कमी झाली. हात काढला, वाढली. लॅपटॉपचा चार्जर काढला, आणखी कमी. शिवाय चॅसीवरून बोट हलकेच फिरवलं की मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण. ह्याच्यापुढं मात्र मी शहाण्यासारखं वागलो आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं तीन पिनांचा सॉकेट उघडला आणि हसायला लागला. तिसऱ्या भोकाच्या मागं काहीच नव्हतं. वायरच नाही. वडिलोपार्जित घरात कुणीतरी दोन पिनांच्या जागी तीन पिनांचे सॉकेट बसवून दिले होते, दिसायला. इतकी वर्षं फ्रिज, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं अर्थिंगशिवाय. चॅसी जमिनीला जोडलेलीच नाही, मग चार्जरमधून पाझरणारा करंट गाण्याच्या वायरीतून वाट काढत होता, आणि मी हात लावला की माझ्यातून. ज्या खोक्यात पावणेदोनशे व्होल्ट डीसी खेळतात, त्याला मी तीन आठवडे असा हाताळत होतो. त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मामांच्या शेडला? तिथं पक्कं अर्थिंग. मोटारी बसवल्या तेव्हाच खड्डा खणून, कोळसा-मिठाचे थर देऊन केलेलं. मामांनी मला तो खड्डा कौतुकानं दाखवला. मी मान खाली घालून बघितला.

मग आमच्याही परसात खड्डा झाला. पाइप, कोळसा, मीठ, वरून पाणी. माती ओली राहिली तरच अर्थिंग नीट लागतं, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायचं. आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, टाकी, मग तुळस, आणि आता तुळशीनंतर अर्थिंग. आईचं म्हणणं, आधी मिठानं माती खारवायची आणि मग पाणी पाजायचं, ही कुठली रीत?

अर्थिंगनं घरघर बारा आण्यानं गेली. चार आणे राहिली. ती अप्पांनी काढली, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. चॅसी उलटी पडली होती. हीटरला एसी वीज नेणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पिळून न्यायच्या असतात, कारण दोन्हींतला प्रवाह उलटसुलट असतो आणि घट्ट शेजारी असल्या की त्यांचा उपद्रव एकमेकींत विरतो. मी पिळल्या होत्या, पण कशा? एका जागी घट्ट, पुढं दोन बोटं मोकळ्या, वळणावर तर पार सुटलेल्या. अप्पांनी चष्मा वर ढकलला, वायर दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "पीळ कमी आहे की ह्याला." सूत बघायचं बोट ते. मी सगळं बंद केलं, कंडेन्सर रिकामे केले, मीटरनं शून्य बघून घेतलं आणि वायरी सोडवून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी एक टोक माझ्या चिमटीत दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि फुटपट्टी लावावी असा सारखा पीळ घातला. वायर चॅसीच्या कोपऱ्याला चिकटवून नेली. हेडफोन लावला तर घरघर आहे की नाही हे ऐकायला श्वास धरावा लागला. मी म्हटलं, गेली. अप्पांनी हेडफोन ओढून घेतला, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "आहे थोडी. पण आता छळत नाही."

राहता राहिला उजवा कान.

त्या संध्याकाळी मी मीटरचा लाल दांडा पायावर टेकवायचा नाही असं ठरवलं. टेकवलं की तो बरा होतो, तर त्याला हात न लावता बघू. कॅथोडपासून चॅसीकडं ४७० ओहमचा रेझिस्टन्स जातो, पिवळा-जांभळा-तपकिरी. सगळं बंद आणि थंड असताना त्या रेझिस्टन्सच्या पायाला क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवली. पिनला नाही, पिनपासून मिलिमीटरभर अलीकडं, रेझिस्टन्सच्या स्वतःच्या तारेला. मग वीज दिली. मीटरवर १.९. अप्पा घड्याळ घेऊन बसले, माझ्या डोक्यावर टेस्टिंगचा स्वस्तातला हेडफोन.

"सहा झाली," अप्पा म्हणाले. मग जरा वेळानं, आपणहून, "गिरणी बंद पडली ती दुपार सांगितली का तुला?"

नाही. ती कधीच कुणाला सांगितली नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवशी अप्पा घरी आले, पाय धुतले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले, एवढंच मला माहीत.

"पहिली पाळी सुटायची होती. कुणीतरी म्हणालं, गेटवर नोटीस लागलीय. सगळे वाचायला बाहेर आले. मागं वळून बघतोय तर गेट बंद. वॉचमन ओळखीचा, तरी आत सोडेना. मी त्याला म्हटलं, बाबा, आत माझा..."

'धप्.' १.९ चं शून्य.

"सापडलं!" मी ओरडलो.

अप्पांनी घड्याळ बघितलं. "दहा पन्नास," म्हणाले, आणि गप्प झाले.

आत काय झालं होतं ते सांगतो. रेझिस्टन्सच्या तारेवर शून्य. दुसरा दांडा हलकेच, नुसता शिवेल एवढा, पिनवर धरला तर तिथं नऊ व्होल्ट. एका टिंबाएवढ्या सोल्डरच्या दोन बाजूंना दोन वेगळे आकडे, म्हणजे मध्ये तुटलेलं आहे. त्या मोत्याच्या आत. ह्याला आपल्याकडं मेकॅनिक 'ड्राय सोल्डर' म्हणतात. पिनचा कथील काळवंडला होता, मी तो न खरवडता त्यावर सोल्डर ओतलं. ते वरून गोल बसलं, अळवाच्या पानावर पाणी बसावं तसं, चिकटलं कुठंच नाही. थंडीत नुसतं टेकून करंट जायचा. शेजारी ६०८० अकरा मिनिटं तापला की पिन केसभर सरकायची, वाट तुटायची. मीटरचा दांडा दाबला की परत टेकायची. जुन्या हातमागाची बांबूची एक कांबी अप्पांच्या खोलीत होती, तिनं त्या मोत्याला टिचकी मारली. बंद, चालू, बंद, चालू. मावसभावाला पाठवलेला फोटो मी नंतर परत बघितला. कडेनं एक बारीक काळी रेघ त्यातही दिसते. दिसत होती.

सोल्डर काढलं, पिन ब्लेडनं पांढरी होईपर्यंत खरवडली, राळ लावली, नवं सोल्डर दिलं. ह्या वेळी ते गोल राहिलं नाही, पसरलं, पिनला आणि तारेला धरून खाली उतरलं. दिसायला पहिल्याच्या पासंगालाही पुरणार नाही. फोटो काढला नाही.

त्या रात्री परत बसलो. अप्पा घड्याळ घेऊन. नऊ, दहा, अकरा. अकरा वीसला दोघंही घड्याळाकडं बघत होतो. बारा. "गेलं की पुढं," अप्पा म्हणाले. पंधरा, तीस. उजवा कान गातच राहिला. मग बसायला काही कारण उरलं नाही. अप्पांनी घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि झोपायला गेले.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आत माझा. आत माझा काय? पगार, फंड, जोडीदार? आठवडाभरात दोनदा विचारलं. एकदा ऐकू आलं नाही, एकदा "झालं की ते," म्हणाले. बिघाड असता तर अकरा मिनिटं मिळाली असती, असंही एकदा मनात येऊन गेलं. आता अ‍ॅम्प्लिफायर लागला की ते हेडफोन लावून डोळे मिटतात, मधे कुणी बोलायचं नाही.

परवा पाण्याचा दिवस होता. आई परसात हंडे भरत होती, मी अर्थिंगला दोन तांबे घालून आत आलो. पलीकडं मामांनी नुकतेच माग थांबवलेले. अप्पा खुर्चीत, हेडफोन कानावर, दोन्ही व्हॉल्व्ह लाल. मला बघून डोळे उघडले आणि हेडफोन न काढताच, माणूस हेडफोनमध्ये बोलतो तसं, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"डबा रे! डबा राहिला आत माझा! पितळी, तीन खणांचा!"

मी हातानं 'हळू, हळू' अशी खूण केली. ती त्यांच्या मागखात्यातली नसावी, कारण आवाज आणखी चढला.

"तिच्या माहेरचा होता! शेंगाचटणी तशीच होती वरच्या खणात! वॉचमनला म्हटलं, गिरणी ठेव तुझी, डबा दे! दिला नाही बघ!"

परसात हंडा भरून वाहायला लागला होता. आईनं नळ बंद केला, पदराला हात पुसत दारात आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मला सांगितलेलं, रेल्वेत चोरीला गेला म्हणून."